कुणाचं मूल

मरिएटा, १ जुलै २०१४. सीमेवर पकडलेल्या बायका-मुलांना घेऊन आलेल्या तीन बस कॅलिफोर्नियातल्या या गावी लोकांनी रस्त्यातच अडवल्या. हातात झेंडे, तोंडी ‘परत जा’. बस वळवाव्या लागल्या. त्याच उन्हाळ्यात टेक्सासमधल्या मॅकॅलनला सिस्टर नॉर्मा पिमेंटेल यांनी चर्चच्या हॉलमध्ये अशाच लोकांसाठी आंघोळीची, कपड्यांची, गरम जेवणाची सोय केली.

सीमेवर येणारी ही मुलं कोण होती? त्या आर्थिक वर्षात ६८ हजारांहून जास्त मुलं आईबापांशिवाय अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर सापडली. बहुतेक होंडुरास, ग्वाटेमाला, एल साल्वाडोरची. कुणी टोळ्यांच्या धाकानं निघालेलं, कुणी गरिबीनं, कुणी आधीच तिकडे गेलेल्या आईच्या ओढीनं. त्यातली कितीतरी गस्तीच्या जवानांसमोर आपणहून जाऊन उभी राहिली. चोरून शिरणारा असं करत नाही.

जुना हिशेब. १९३९ साली जर्मनीतली २० हजार मुलं आणण्याचं वॅग्नर-रॉजर्स विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये मतदानापर्यंतही पोचलं नाही. ती मुलं बहुतांश ज्यू होती. १९६० ते ६२ मध्ये क्यूबातून एकटी आलेली १४ हजारांवर मुलं मात्र त्याच देशानं सांभाळली, कारण ती कॅस्ट्रोच्या कम्युनिस्ट राज्यातून आली होती. मूल कशाला भ्यालंय, यापेक्षा आपला शत्रू कोण, यावर दया ठरली.

वळिवडे. आपल्याकडेही १९४३ ते ४८ या काळात कोल्हापूरजवळच्या या गावातल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, मुख्यतः बायका-मुलं. आपण हे अभिमानानं सांगतो. मग आज दारात येणाऱ्या मुलाचा देश-धर्म आधी विचारणं आपल्याला शोभत नाही.

७२ तास. २००८ च्या अमेरिकी कायद्यानं मेक्सिको-कॅनडाबाहेरच्या एकट्या मुलाला ७२ तासांत आरोग्य खात्याच्या ताब्यात द्यायचं आणि न्यायाधीशापुढे त्याचं म्हणणं ऐकायचं ठरलं. सही जॉर्ज बुश यांची, विरोध जवळपास नाही. २०१४ मध्ये मुलं खरोखरच आली, तेव्हा अनेक पुढारी त्याच कायद्याला दोष देऊ लागले.

जून २०१८. अमेरिकेच्या सीमेवर आईबापांपासून तोडलेल्या मुलांच्या रडण्याचं ध्वनिमुद्रण जगानं ऐकलं. दोनच दिवसांत ट्रम्प यांना ताटातुटीचं धोरण मागे घ्यावं लागलं. लोक हलले, हे चांगलंच झालं. पण ज्याचं रडणं मुद्रित झालं नाही, त्या मुलाचं काय? अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टात लहान मुलालासुद्धा सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क नाही. लोकांची माया ओसरते. म्हणून हा हक्क कायद्यात लिहिलेला हवा, प्रत्येक मुलासाठी.