वेपा आणि गेट



आपल्या या समूहावर विवेकवर्धिनीच्या वर्गांबद्दल, मराठी ग्रंथसंग्रहालयाबद्दल, गणेशोत्सवातल्या नाटकांबद्दल बरंच वाचायला मिळतं. मैदानाबद्दल मात्र फारसं कोणी लिहीत नाही. मी हैदराबादच्या शाळांमध्ये ३१ वर्षं पी.टी. टीचर होते. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. शाळेचं आणि मुलींचं नाव घेत नाही, त्या आता स्वतः आया झाल्या आहेत.

गोष्ट १९९६-९७ची. आमच्या मुलींच्या खो-खो संघात निम्म्या तेलुगू, तीन मराठी, तीन जणी जुन्या शहराकडच्या दखनी बोलणाऱ्या, आणि एक मारवाडी. डबा खाताना या सगळ्या आपापल्या घोळक्यात बसायच्या, आणि मैदानावरही तेच. तेलुगू मुलगी तेलुगू मुलीलाच खो द्यायची, आमच्या मराठी मुलीही काही कमी नव्हत्या.

खो-खोचा कायदा तुम्हाला माहीतच आहे. आठ जणी एकाआड एक उलट्या दिशांना तोंड करून उकिडव्या बसतात आणि नववी पळते. तिला मधली रेषा ओलांडता येत नाही, एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत मागे वळता येत नाही. पळणारी मुलगी पलीकडे निसटली की खो देण्यावाचून गत्यंतर नसतं. १९१४मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं या खेळाचे नियम पहिल्यांदा नीट बांधले, तेव्हापासून या खेळाचं मर्म तेच आहे. आपलं काम वेळेवर दुसरीच्या हाती द्यायचं.

पण आमच्याकडे एक लांब वेणीची मुलगी होती, वाऱ्यासारखी पळायची. तिला खो मिळाला की ती या खांबापासून त्या खांबापर्यंत एकटीच धावायची. बाकीच्यांचे पाय बसून बसून बधिर. त्या वर्षी आंतरशालेय स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. परतताना बसमध्ये चौथ्या जागेवर बसणारी मुलगी मला म्हणाली, “टीचर, मैं तो खाली बैठनेकूच आती.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

त्यातच शाळेच्या व्यवस्थापनानं सांगितलं की पुढच्या वर्षीही असंच झालं तर मुलींचा खेळाचा तास दहावीच्या जादा वर्गांना देऊ. त्या चौथ्या जागेवरच्या मुलीला घरून मैदानावर यायची परवानगी होती ती या तासापुरतीच. तास गेला की तिचा खेळ संपला.

एकीचे बळ वगैरे सांगून काही होत नाही हे मला तोवर कळलं होतं. मुली माना डोलावतात आणि मैदानात उतरल्या की जशाच्या तशा. तेव्हा मला वडिलांनी सांगितलेल्या गोष्टी आठवल्या.

वडील मूळचे नांदेड जिल्ह्यातले. नांदेड आणि हैदराबाद एकाच राज्यात होतं तेव्हा नोकरीसाठी इथे आले आणि फुटबॉलचे वेडे झाले. त्यांचं दैवत म्हणजे रहीमसाहेब, सय्यद अब्दुल रहीम. हल्ली ‘मैदान’ सिनेमामुळे नव्या पिढीलाही ते माहीत झालेत. रहीमसाहेब मुळात शाळामास्तर, आपल्या काचीगुड्याच्या शाळेतही त्यांनी शिकवलं. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलीसचा संघ १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकून आला. १९५१ आणि १९६२ची आशियाई सुवर्णपदकं आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधला चौथा क्रमांकही त्यांच्याच काळातला.

वडील सांगायचे, रहीमसाहेबांनी अशा स्पर्धा भरवल्या होत्या की चेंडू पायात घोळवत न्यायला बंदी. मिळाला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. आणखी एका प्रकारात फक्त कच्च्या पायानं खेळायचं. उपदेश करत बसण्यापेक्षा त्यांनी नियमच असा केला की शेजाऱ्यावाचून कोणाचं चालूच नये.

मी तेच खो-खोत आणलं. सरावात पहिला नियम, खो मिळाल्यावर मी मोठ्यानं पाच मोजेपर्यंत पुढचा खो द्यायचाच. दुसरा, आठही जणींना एकेकदा खो मिळाल्याशिवाय गडी बाद धरायचा नाही. तिसरा, उठल्यावर आपल्या सवयीच्या बाजूला न जाता उलट बाजूला पळायचं. आणि दर सोमवारी सगळ्यांच्या जागा बदलायच्या, भाषेच्या जोड्या मोडून.

पहिले पंधरा दिवस नुसता गोंधळ. वेणीवाली रुसली. तिची आई शाळेत आली आणि म्हणाली, “मेडम, माझ्या मुलीला पळता येतं हा तिचा गुन्हा आहे का?” मी म्हटलं, “अम्मा, थोडं बसा, आज सराव पाहून जा.” मग घड्याळ तिच्याच हातात दिलं. आधी मुलीला एकटीला हवं तसं पळू दिलं, मग पाच आकड्यांच्या नियमानं. दुसऱ्या वेळी तिन्ही पळणाऱ्या कितीतरी लवकर बाद झाल्या. आईनं घड्याळ परत दिलं आणि “ठीक है मेडम” एवढंच म्हणून गेली. दुसऱ्या दिवसापासून मुलगीही कुरकुरेनाशी झाली.

खरी अडचण निराळीच निघाली. बसलेल्या मुलींनी ओरडून सांगायचं होतं, पळणारी कुठल्या बाजूला आहे ते. पण कोणी ‘उजवीकडे’ म्हणे, कोणी ‘कुडी’, कोणी ‘सीधे हात कू’. बरं, एकाआड एक तोंडं उलटी असल्यानं एकीची उजवी ती शेजारणीची डावी! मी डोकं धरून बसले. तोडगा मुलींनीच काढला. आमच्या मैदानाच्या एका अंगाला कडुलिंब होता आणि दुसऱ्या अंगाला फाटक. कडुलिंबाला तेलुगूत ‘वेपा’. झालं, एक बाजू ‘वेपा’ आणि एक बाजू ‘गेट’. दुसऱ्यांच्या मैदानावर गेलं तरी आधी ठरवून घ्यायच्या, आज वेपा कुठली. आमच्या मराठी मुली ‘वेपा, वेपा’ म्हणून किंचाळताना ऐकून समोरच्या संघाला काही उमगायचं नाही. हळूहळू डबेही एका ठिकाणी उघडायला लागले. ते मी सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो. त्या सामन्यात वेणीवालीचा पाय मुरगळला. आदल्या वर्षी असं झालं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. पण दर सोमवारी जागा बदलल्यामुळे कोणाचंच काम कोणाला परकं राहिलं नव्हतं. १९६२च्या जाकार्तातही असंच झालं होतं. डोक्याला जखम झालेल्या बचावपटू जर्नेलसिंगला रहीमसाहेबांनी पुढे आक्रमणात खेळवलं आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यानं गोल केला. आमच्याकडे त्या दिवशी दोन गडी बाद केले ते चौथ्या जागेवरच्या मुलीनं. आम्ही दोन गुणांनी हरलो, पण वेणीवाली कडेला बसून शेवटपर्यंत ‘गेट, गेट’ ओरडत होती.

खेळाचा तास राहिला. ती मुलगी दहावीपर्यंत खेळली.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या मुलींनी आणि प्रतीक वाईकरच्या मुलांनी दोन्ही चषक जिंकले. तिथे मैदानात सातच खेळाडू, वेग भयंकर, पण खो देणारा हात तसाच झटकन सुटत होता. टीव्हीसमोर बसून मी मनातल्या मनात पाच मोजत होते.

समूहात कोणी तरुण शिक्षक असतील तर एवढंच सांगेन. मुलांना ‘मिळून खेळा’ असं सांगत बसू नका. एकमेकांवाचून अडेल असा सराव द्या, पुढची वाट मुलं स्वतः शोधतात.

आणि तुमच्यापैकी कोणाच्या वडिलांनी, काकांनी सिटी पोलीसचे सामने पाहिले असतील, तर खाली जरूर लिहा. माझे वडील असते तर त्यांनी ते आधी वाचलं असतं.