बेंगळुरूत पाणबुडी कुठून आणायची?

कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची सुट्टी लागली, की नोकरीनिमित्त बेंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी घरांतून एकच प्रश्न सुरू होतो : यंदा मुलांना कुठे न्यायचे? लालबाग झाली, कब्बन पार्क झाले, बन्नेरघट्ट्याचे वाघ दोनदा पाहून झाले. त्यात एखाद्या चिरंजीवांनी पुस्तकात विशाखापट्टणच्या पाणबुडीचे चित्र पाहिलेले असते आणि त्यांनी हट्ट धरलेला असतो, "बाबा, मला खरी पाणबुडी बघायचीय. आतून!"

हट्ट काही वावगा नाही. 'आयएनएस कुर्सुरा' ही पाणबुडी १९६९च्या डिसेंबरात भारतीय नौदलात दाखल झाली. १९७१च्या युद्धात तिने गस्त घातली आणि २००१च्या फेब्रुवारीत ती निवृत्त झाली. पुढच्याच वर्षी तिला विशाखापट्टणच्या रामकृष्ण बीचवर वाळूत ओढून घेऊन तिचे संग्रहालय केले गेले. सुमारे ९१ मीटर लांबीच्या त्या पोलादी नळीत पंचाहत्तरएक माणसे कशी राहत असतील, हे गोल दारांतून वाकून वाकून जाताना मुलांना आपोआप कळते. पण बेंगळुरूहून विशाखापट्टण म्हणजे आगगाडीत जवळजवळ एक दिवस काढणे आले. एका दिवसाच्या सहलीत ते बसत नाही. आणि बेंगळुरूला तर समुद्रच नाही.

मात्र पाण्यावर उतरणारी, पाणबुड्यांची शिकार करणारी विमाने या समुद्र नसलेल्या शहरात एकेकाळी येत असत, हे मुलांना सांगून पाहावे. दुसऱ्या महायुद्धात 'कॅटालिना' नावाची उडती जहाजे शत्रूच्या पाणबुड्या शोधत समुद्रावर घिरट्या घालत. त्यांतली काही दुरुस्तीसाठी बेंगळुरूला यायची. उतरायची कुठे? तर बेळ्ळंदूरच्या तलावात. तिथून ती जवळच्या विमान कारखान्यात नेली जात. तोच बेळ्ळंदूर तलाव अलीकडे पांढऱ्या फेसामुळे आणि पाण्यावर लागणाऱ्या आगीमुळे वर्तमानपत्रांत गाजला. असो. कारखाना मात्र जिथल्या तिथे आहे आणि त्याच्याजवळच त्याचे संग्रहालय आहे. 'एचएएल हेरिटेज सेंटर आणि एरोस्पेस म्युझियम' हे त्याचे पूर्ण नाव. २००१ साली ते सुरू झाले. एका दिवसाच्या बेताला ही जागा उत्तम.

जायचे कसे? ते जुन्या विमानतळ रस्त्यावर, विमानपुरा भागात आहे. मॅजेस्टिकहून मराठहळ्ळीकडे जाणाऱ्या बस या रस्त्याने जातात. मेट्रोने जायचे असल्यास जांभळ्या मार्गावर इंदिरानगरला उतरून रिक्षा करावी. सकाळी लवकर निघावे, कारण बरीचशी विमाने उघड्यावर हिरवळीत उभी आहेत आणि दुपारी त्यांचा पत्रा तापतो. टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि दशम्या-चटणीचा डबा बरोबर असावा. तिकिटाचे दर आणि वेळ बदलत असते, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून विचारलेले बरे. आजी-आजोबांना अवश्य न्यावे. इथे पाणबुडीसारखे वाकायचे नाही, चढायचे नाही. सावलीत टेकून बसायलाही जागा मिळते.

आणखी एक वस्तू न विसरता घ्यावी : मुलांसाठी एक वही. नाहीतर होते असे, की मुले पहिल्या विमानापाशी धावतात, फोटो निघतो, दुसऱ्यापाशी धावतात, पुन्हा फोटो, आणि अर्ध्या तासात "आता आइस्क्रीम!" सुरू होते. म्हणून वहीत घरीच तीन रकाने आखून ठेवावेत. विमानाचे नाव, त्याची आखणी कोणी केली, आणि इंजिन कुठल्या देशाचे. तिसरा रकाना साधा दिसतो. पण दिवसभराची खरी गोष्ट त्याच रकान्यात लपलेली आहे.

सुरुवात आतल्या दालनापासून करावी. तिथे १९४०पासूनचा इतिहास दशकवार छायाचित्रांतून मांडला आहे. या इतिहासात मराठी कुटुंबाला थांबायला लावणारी पहिली व्यक्ती म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद. भारतात विमाने बनवायची, हे त्यांनी मनावर घेतले. १९३९ साली प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली. म्हैसूर संस्थानाने जमीन दिली, भांडवलात वाटा उचलला, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बेंगळुरूत 'हिंदुस्तान एअरक्राफ्ट' कंपनी स्थापन झाली. १९४१च्या जुलैत इथे जोडलेले पहिले विमान उडालेही. ते होते 'हार्लो' जातीचे, शिकाऊ वैमानिकांसाठीचे. युद्ध अंगणात आल्यावर १९४२ साली सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि वालचंदांचा संबंध संपला. पाणबुडीसाठी हटून बसलेल्या चिरंजीवांना इथे एक गंमत सांगता येईल. ज्या विशाखापट्टणला त्यांना जायचे आहे, तिथला जहाज बांधण्याचा कारखानाही याच वालचंदांचा. १९४१च्या जूनमध्ये त्याची पायाभरणी झाली आणि १९४८ साली 'जलउषा' हे जहाज तिथून पाण्यात उतरले. विमान आणि जहाज, दोन्हींच्या मुळाशी हा एकच सोलापूरकर!

दुसरी व्यक्ती डॉ. विष्णू माधव घाटगे. हे नाव आज किती मराठी घरांत ठाऊक आहे? घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचे, जन्म १९०८चा. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली आणि परत येऊन ते या कारखान्यात रुजू झाले. इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली विमानविद्येचा विभाग निघाला, तोही त्यांच्याच देखरेखीखाली. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले 'एचटी-२' हे दोन आसनी विमान १९५१च्या ऑगस्टमध्ये उडाले आणि वायुसेनेच्या कित्येक पिढ्यांनी उडण्याची बाराखडी त्याच्यावर गिरवली. 'पुष्पक', 'कृषक' आणि 'किरण' या विमानांमागेही घाटगेच होते. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९१च्या डिसेंबरात ते गेले.

इथपर्यंत वहीतला दुसरा रकाना अभिमानाने भरतो. तिसऱ्यात मात्र 'एचटी-२'पुढे लिहावे लागते : ब्रिटन. त्याचे सिरस मेजर इंजिन इंग्लंडहून येत असे.

मग बाहेर हिरवळीवर यावे. निमुळत्या नाकाचे, मागे झुकलेल्या पंखांचे 'मरुत' दिसले की मुले आपोआप थबकतात. इथे घाई करू नये. जर्मनीतल्या फॉक-वुल्फ लढाऊ विमानाचे जनक कुर्ट टँक १९५६ साली आपल्या सहकाऱ्यांना घेऊन बेंगळुरूला आले आणि त्यांनी भारतीय अभियंत्यांच्या साथीने हे विमान आखले. आधी त्याच मापाचे लाकडी ग्लायडर तयार करून १९५९ साली डकोटा विमानाच्या मागे बांधून उडवून पाहिले. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी खरे 'मरुत' आकाशात नेले. आशियात, सोव्हिएत रशिया सोडल्यास, स्वतःचे जेट लढाऊ विमान आखून सेवेत आणणाऱ्या पहिल्यावहिल्या देशांत भारताचे नाव गेले.

आखणी आवाजाच्या दुप्पट वेगाच्या आशेने झाली होती. पण त्यासाठी जे जोरदार इंजिन लागणार होते, त्याचा विकास ब्रिटनमध्ये पैशावाचून अडला. भारताने तो खर्च उचलला नाही. इजिप्तच्या इंजिनाचा प्रयोग करून पाहिला, तोही पार पडला नाही. शेवटी 'ऑर्फियस'ची कमी ताकदीची दोन इंजिने बसवली आणि हे देखणे विमान आवाजाच्या वेगापाशीच घुटमळत राहिले. तरीही १९७१च्या युद्धात राजस्थानच्या सीमेवर त्याने चोख काम केले. एका 'मरुत'ने शत्रूचे सेबर विमानही पाडले. एकूण १४७ 'मरुत' बनली आणि १९९०च्या सुमारास ती सेवेतून गेली.

चाणाक्ष मूल इथे विचारतेच, "एवढे चांगले विमान होते, तर पैसे का नाही दिले?" वडिलांनी याचे झटपट उत्तर देण्याचा मोह टाळावा. त्या काळची परकीय चलनाची चणचण खरी होती, आणि थोड्या पैशासाठी मोठी संधी गेली हेही खरे. आजोबा बरोबर असतील तर रेशनच्या रांगा त्यांनी पाहिलेल्या असतात. त्यांना बोलू द्यावे.

पुढची विमाने भराभर पाहिली तरी चालतील. 'अजित' हे 'नॅट'चे सुधारलेले रूप, 'किरण'वर सूर्यकिरण चमूने वर्षानुवर्षे कसरती केल्या, 'कॅनबेरा' २००७ साली निवृत्त झाले, तर 'मिग-२१'ला २०२५च्या सप्टेंबरात निरोप दिला गेला. वहीत मात्र ब्रिटन, ब्रिटन, ब्रिटन, रशिया अशी रांग लागते. इंजिने इथे परवान्याने बनली, हात आपले होते, पण आखणी परक्यांची. आतल्या दालनात कापून उघडी ठेवलेली इंजिने आहेत. वही घेऊन पुन्हा तिथे जावे. पहिल्या फेरीत ज्या पात्यांकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, तिथे मुले आता वाकून वाकून पाहतात.

तेवढ्यात वर आकाश गडगडले तर ती या शहराची मेहरबानी समजावी. शेजारच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक २००८च्या मे महिन्यात बंद झाली, पण चाचणीची विमाने तिथून उडतात. याच धावपट्टीवरून ४ जानेवारी २००१ रोजी 'तेजस' पहिल्यांदा उडाले. त्याचे इंजिन अमेरिकी. २०२१ साली वायुसेनेने आणखी ८३ 'तेजस' मागवली, ती रखडली याचे एक मोठे कारण इंजिने वेळेवर आली नाहीत हे. आणि आपले स्वतःचे 'कावेरी' इंजिन? इथून थोड्याच अंतरावर, सी. व्ही. रामन नगरातल्या प्रयोगशाळेने १९८९ साली ते हाती घेतले. २००८ साली ते 'तेजस'पासून वेगळे केले गेले. वहीतल्या शेवटच्या ओळीत मुलांनी काय लिहायचे, ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.

डबा खाऊन झाल्यावर अंगात त्राण उरले असेल, तर कस्तुरबा रस्त्यावरचे विश्वेश्वरय्या संग्रहालय गाठता येते. पण एका दिवसात दोन संग्रहालये म्हणजे लहानग्यांना शिक्षाच. त्यापेक्षा परतीची रिक्षा जुन्या मद्रास रस्त्याकडे वळवून सुरंजन दास रस्त्याने न्यावी. १९७० साली जानेवारीत दास 'मरुत'चीच चाचणी घेत असताना अपघातात गेले. त्यांच्या नावाची पाटी या रस्त्यावर आहे. वाहनांच्या गर्दीत ती रोज हजारो लोक पाहतात. संग्रहालयातून येणारी मुले ती वाचून "तेच ना?" म्हणून विचारतात.

राहता राहिली पाणबुडी. 'कुर्सुरा'चा बेत पुढच्या मोठ्या सुट्टीसाठी ठेवावा, आगगाडीचे आरक्षण आधीच करावे आणि सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी संग्रहालय बंद असते. किनाऱ्यावर पाणबुडीच्या समोरच निवृत्त 'टीयू-१४२' विमान ठेवलेले आहे. पाणबुड्या हुडकणे हेच त्याचे काम होते. वही बरोबर असू द्यावी.