विसराळू पेनड्राइव्ह

मंडळी, "या वयात लिनक्स कशाला?" हे मला आता भिशीतसुद्धा विचारतात. मी मराठी माध्यमातली बी.ए., उभा जन्म व्याकरण शिकवण्यात गेला. पण माझ्या जुन्या शाळेला एका कार्यालयाने दहा संगणक दिले, तेही हार्डडिस्क काढून घेऊन. (आतली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून तसं करतात, रास्तच आहे.) बिनडिस्कचा संगणक म्हणजे नुसता डबा. त्यावर उपाय लाइव्ह लिनक्स. सगळी प्रणाली पेनड्राइव्हवर, तिथूनच सुरू व्हायची. क्लाउस नॉपर या जर्मन गृहस्थांच्या 'नॉपिक्स'च्या सीडीने २००० सालापासून ही कल्पना लोकांना माहीत झाली.

एका माजी विद्यार्थ्याने डेबियनचे तयार पेनड्राइव्ह आणून दिले. मुलं हरखली. आठवीतल्या एका मुलीने आपल्या गेलेल्या आजोबांवर दीड पान लिहिलं आणि संगणक बंद केला. दुसऱ्या दिवशी तिथे काही नाही. "बाई, माझं कुठं गेलं?"

बिघाड नव्हताच. लाइव्ह प्रणालीचा गाभा एका दाबून भरलेल्या, न बदलणाऱ्या फायलीत असतो. तिला स्क्वॅशएफएस म्हणतात. आपण लिहितो ते तिच्यावर अंथरलेल्या थरात, आणि तो थर असतो मेमरीत. संगणक बंद, थर पुसला. परक्या संगणकावर बँकेचं काम करताना हा विसराळूपणा गुणच, पण आजोबांच्या बाबतीत नाही.

म्हणून ठरवलं, प्रणाली आपणच घडवायची. डेबियनचं 'लाइव्ह-बिल्ड' नावाचं साधन आहे. एका साध्या फायलीत हव्या त्या पॅकेजांची नावं लिहायची (माझ्या यादीत लोहित देवनागरी फाँट, टंकनासाठी आयबस आणि लिब्रेऑफिस), मग 'एलबी बिल्ड' म्हणायचं. ते सामान उतरवून घेतं, वेगळ्या कप्प्यात मांडतं आणि दाबून आयएसओ करतं. तोवर माझा स्वयंपाक उरकतो.

आठवणीची सोय निराळी. पेनड्राइव्हवर दुसरा भाग पाडून त्याला 'पर्सिस्टन्स' हे नाव द्यायचं, आत एक छोटी फाइल, तिच्यात काय लक्षात ठेवायचं ते. सुरू होतानाच्या आज्ञेतही तोच शब्द. एक अक्षर चुकलं तरी प्रणाली तक्रार करत नाही, मुकाट्याने विसरत राहते! मी फक्त मुलांचं घर, म्हणजे 'होम', तेवढं लक्षात ठेवायला सांगितलं. बाकी ती काय वाटेल ते बिघडवोत, उद्या सगळं पूर्ववत.

तरी दोन यंत्रं अडली. काळ्या पडद्यावर म्हणे, लाइव्ह माध्यमच सापडत नाही. अहो, त्यावरूनच तर सुरू झालास! पण गंमत अशी, की आधी बायोस कर्नेलला पेनड्राइव्हवरून उचलून आणतो, आणि मग कर्नेलला तोच पेनड्राइव्ह स्वतःच्या ड्रायव्हरने नव्याने शोधावा लागतो. ज्या दारातून आत आला तेच दार सापडेना! पेनड्राइव्ह पाठीमागच्या जुन्या पोर्टमध्ये लावला, सापडलं.

एक यंत्र ३२ बिटी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये तसल्या यंत्रांसाठी कर्नेलच नाही. त्याच्यासाठी १२ ची वेगळी प्रतिमा केली आहे.

आजोबांवरचा निबंध त्या मुलीने पुन्हा लिहिलाय. या वेळी तीन पानं झाली.