बाबांच्या स्प्लेंडरमधलं तेल

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत मी बाबांच्या स्प्लेंडरचा क्लच जाळला. गाडीला किक न मारता.

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावी मी दोन आठवडे वर्क फ्रॉम होमवर आलो होतो. येताना पुण्याहून एक डबा आणला होता. रूममेटच्या कारच्या सर्व्हिसिंगमधून उरलेलं लिटरभर तेल, ५डब्ल्यू-३०, फुल्ली सिंथेटिक, सोनेरी रंगाचं. बाबा आयुष्यभर गावातल्या मिस्त्रीकडचं साधं मिनरल तेल टाकत आलेले. म्हटलं, आपण कमावते झालो, त्यांच्या गाडीला एकदा तरी भारी तेल मिळू दे. ते शेतात गेले असताना अंगणात गाडी उभी करून जुनं तेल सोडलं, नवीन ओतलं, दांडी घट्ट फिरवून लेव्हल पाहिली आणि यूट्यूबवर शिकलेलं काम जमलं म्हणून खूश झालो.

चौथ्या दिवशी बाबा आईला घेऊन यवतमाळला निघाले. आईच्या मोतीबिंदूची तपासणी होती, तारीख महिनाभर आधी मिळालेली. यवतमाळकडे जाताना चढण लागते. तिथं इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. आई उतरून चालत, बाबा गाडी ढकलत, असे ते पुढच्या फाट्यापर्यंत गेले. तिथं एका ओळखीच्या माणसाकडे गाडी ठेवून एसटी पकडली. पोचेपर्यंत डॉक्टर उठले होते. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची.

मला फोनवर फक्त एवढंच म्हणाले, "क्लच घसरू रायला बे."

मिस्त्रीनं तेल काढलं, मोजपात्रात ओतलं, बोट बुडवून चोळलं, वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. "कारचं टाकलं काय?"

मी म्हटलं, सिंथेटिक आहे, महागाचं.

"सिंथेटिक वाईट नाई भाऊ. तुमी डबा वाचला नाई."

डॉक्युमेंटेशन वाचण्याचाच मला पगार मिळतो, त्यामुळे हे जरा जास्तच लागलं. रात्री बसून वाचलं.

कारचा क्लच कोरडा असतो आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळं. स्प्लेंडरमध्ये जेमतेम लिटरभर तेल पिस्टन, गिअर आणि क्लच या तिघांनाही सांभाळतं. क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात आणि त्यांचं काम मात्र एकमेकींना घट्ट धरण्याचं. कारच्या तेलात पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. डब्यावरच्या गोल शिक्क्यात खाली 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असं लिहिलेलं असतं, ते यासाठीच. प्लेटा आधीच झिजलेल्या असल्या की अशा तेलात त्या पकड सोडतात. म्हणून जपान्यांनी १९९८ साली दुचाकीच्या तेलांसाठी जासो नावाचं वेगळं मानक आणलं. ओल्या क्लचला एमए, बहुतेक स्कूटर्सना एमबी. माझ्या डब्यावर यातलं काहीच नव्हतं. म्हणजे सिंथेटिक की मिनरल हा प्रश्न यायच्या आधीच मी नापास झालो होतो.

'सिंथेटिक' हा शब्दही वाटतो तेवढा सरळ नाही. अमेरिकेत मोबिलनं कॅस्ट्रॉलच्या जाहिरातीविरुद्ध तक्रार केली. मोबिलचं म्हणणं, आम्ही रेणू जोडून तेल बनवतो, हे लोक खनिज तेलावरच जास्त प्रक्रिया करतात आणि सिंथेटिक म्हणून विकतात. तिथल्या जाहिरातदारांच्या स्वनियमन संस्थेनं १९९९ साली कॅस्ट्रॉलच्या बाजूनं निर्णय दिला. तेव्हापासून ग्रुप थ्री नावाचं हे अतिशुद्ध केलेलं खनिज तेलही खुशाल सिंथेटिक म्हणून विकलं जातं. ते वाईट नसतं. पण डब्यावर तो शब्द वाचून आपण जी प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणतो, ती बऱ्याचदा रिफायनरीच असते.

मग त्याचा उपयोग काय? थंडीचा फायदा आपल्याला नाहीच. १०डब्ल्यूमधला डब्ल्यू हिवाळ्याचा; असलं तेल उणे २५ अंशांतही इंजिन फिरू देईल अशी त्याची चाचणी घेतात. आमच्याकडे डिसेंबरात पारा दहाच्या आसपास आला तरी लोक शेकोटीपासून उठत नाहीत. उन्हाळ्याचं मात्र खरं आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत, हवेवर थंड होणारं इंजिन, मागे खताचं पोतं, शेतरस्त्यावर दुसरा गिअर. अशा वेळी मिनरल तेल लवकर जळकं होतं. शिवाय मल्टिग्रेड तेलाचा दाटपणा टिकावा म्हणून त्यात पॉलिमर घालतात आणि गिअरचे दाते त्यांचे तुकडे करतात. सिंथेटिकला मुळातच असे पॉलिमर कमी लागतात, त्यामुळे ते जास्त टिकतं. माझ्या पुण्यातल्या गाडीत मी तेच टाकतो. हायवेला ती तासन्‌तास वरच्या आरपीएमवर पळते, तिला त्याची गरज आहे.

पण सिंथेटिकचे पैसे वसूल होतात ते मुख्यतः तेल जास्त किलोमीटर चालवलं तर. बाबा दर दोन हजारांना तेल बदलतात, कारण आमच्या काळ्या मातीची धूळ कुठल्याही तेलात सारखीच उतरते. ती बाहेर काढायची तर तेलच बाहेर काढावं लागतं. आणि एवढ्या जुन्या इंजिनात थोडं तेल रिंगांमधून जळतंच; महागाचं टाकलं तर महागाचं जळतं. मी हिशेब मांडला. वर्षाला सहा हजार किलोमीटर, तीन वेळा तेल. चारशेचं मिनरल म्हणजे बाराशे, नऊशेचं सिंथेटिक म्हणजे सत्तावीसशे. फरक पंधराशे. मी तेवढे एका शनिवारी रात्री उडवतो. बाबांच्या लेखी ती २६६ रुपये ५० पैशांची युरियाची साडेपाच पोती. 'मी देतो पैसे' असं मी म्हणूनही पाहिलं.

"तू दे ना," बाबा म्हणाले, "पण एअर फिल्टरचे दे."

आईचं ऑपरेशन जानेवारीत झालं. आता ती कापसातली कवडी लांबून ओळखते आणि माझी दाढीही.

या दिवाळीत बाबांनी मला तेल बदलायला जवळ बसवलं. आधी गावातून एक चक्कर मारून इंजिन कोमट केलं. कापलेल्या डब्यात काळं तेल सोडलं. ते बंडीच्या आसाला लागतं. नवीन तेल १०डब्ल्यू-३०, मिनरल, डब्यावर एमए. मी दोनदा वाचलं. मग गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी केली, बाबांनी दांडी चिंधीनं पुसली आणि भोकात नुसती टेकवली. फिरवली नाही.

"घट्ट नाई करायची?"

"फिरवली तर आत जाते. मंग तेल कमी असलं तरी पुरं दाखवते."

म्हणजे त्या दिवशी मी तेल चुकीचं तर टाकलंच होतं, वर कमीही टाकलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. मिस्त्रीनं ते मोजपात्रात ओतलं तेव्हा बाबा शेजारीच उभे होते.