आबांना, किनाऱ्यावरून

मुंबई,
आश्विन शुद्ध अष्टमी

ती. आबांना शि. सा. नमस्कार.

गाडी काल सकाळी वेळेवर पोचली. आईला सांगा, धपाटे दोन दिवस पुरले आणि चटणी तर अभ्याससहलीतल्या आम्हा बाराही जणांनी मिळून संपवली. तुम्ही निघताना म्हणालात, "आपला पाऊस तिकडून येतो म्हणतात, बघून ये." ते लक्षात आहे. पण इथे पहिल्याच दिवशी मला दिसली ती विहीर.

सर आम्हाला थेट अपोलो बंदरावर घेऊन गेले. गेटवेपाशी लोक फोटो काढत होते आणि आम्ही सरांच्या वहीवर माना वाकवून आकृती बघत होतो. इथे १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद होते आहे. हिंदी महासागराच्या काठावरच्या सगळ्यांत जुन्या नोंदींपैकी ही एक, आणि ती सुरू झाली एका विहिरीत. आत जाऊन बघता आलं नाही, पण रचना आकृतीवरून नीट कळली. किनाऱ्यालगत एक उभी विहीर करायची आणि तळाशी लहान भोक ठेवून ती समुद्राला जोडायची. बाहेर लाटा कितीही आपटल्या तरी त्या एवढ्याशा भोकातून आत धावत येत नाहीत. आतलं पाणी शांतपणे चढतं, शांतपणे उतरतं. पाण्यावर तरंगता डबा, डब्याला तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला लेखणी आणि तिच्यासमोर घड्याळाच्या चालीनं फिरणारा कागद. आता नवी यंत्रं आली आहेत, पण सुरुवात या तरंगत्या डब्यापासून झाली.

मला तुमचा दोर आठवला. दर अमावास्येला गाठी मोजत विहिरीत सोडायचात आणि वहीत लिहायचात, इतके परस पाणी.

मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं. आज अष्टमी, म्हणजे भांगाचे दिवस, त्यामुळे चढउतार कमी होता. आता बघा, रोज दोनदा एवढं वरखाली होणारं पाणी एकूणात वाढतंय की नाही, हे कसं ओळखायचं? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या डॉ. उन्नीकृष्णन आणि डॉ. शंकर यांनी २००७ साली मुंबईसारख्या जुन्या नोंदींवरून हिशेब मांडला. उत्तर हिंदी महासागराची पातळी वर्षाला सुमारे एक ते पावणेदोन मिलिमीटरनं वाढत आली होती. ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याहूनही कमी! एवढीशी वाढ पकडायची तर कुणीतरी एकाच जागी, एकाच पट्टीनं, पिढ्यान्‌पिढ्या मापत राहावं लागतं. ज्यांनी ते कागद रोज बदलले, त्यांच्यातल्या कुणालाही हा आकडा दिसला नसणार.

उद्या रात्री रत्नागिरीला निघतो.

तुमची नात


रत्नागिरी,
आश्विन शुद्ध द्वादशी

ती. आबांना नमस्कार.

दसरा प्रवासातच गेला. आपट्याचं पान तुमच्यासाठी वहीत ठेवलंय.

इथल्या एका म्हाताऱ्या तांडेलानं मला गणित शिकवलं, ते तुम्ही घरबसल्या करू शकाल. पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जे येईल तितक्या वाजता भरती. आज द्वादशी. बारा पाऊणे नऊ, म्हणून सकाळी नवाच्या आणि रात्री नवाच्या सुमाराला भरती. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. आम्ही सकाळी जाऊन पाहिलं, नऊला थोडी मिनिटं इकडेतिकडे. आमच्या मॅडमनी कारण सांगितलं. पंधरा तिथ्यांत भरतीची वेळ बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं. तांडेलांची पाऊण म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. तोंडी हिशेबासाठी याहून सोपा आणि याहून खरा आकडा कुठला निवडणार? ही माणसं शिकलेली नव्हती असं म्हणायची आपल्याला सवय आहे. ती सोडली पाहिजे.

दुसरी गोष्ट वाळूची. या गावात एका बाजूला पांढरा समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला काळा समुद्र. पाणी तेच, रंग वाळूचा. मी काळी वाळू ओंजळीत घेऊन उन्हात धरली. लांबून कोळशाच्या भुकटीसारखी दिसते, जवळून एकेक दाणा चकाकतो. लोहचुंबक कागदात गुंडाळून वरून फिरवला, तर निम्मे दाणे उठून उभे राहिले, मांजराच्या पाठीवरच्या केसांसारखे. कागदातून चुंबक काढला की ते खाली गळतात. ते मॅग्नेटाइट. जे हलले नाहीत त्यांत इल्मेनाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम. मग पांढऱ्या वाळूवर पातळ आम्लाचा थेंब टाकला. ती फसफसली, कारण तिच्यात शिंपल्यांचा चुरा आहे. काळी गप्प राहिली.

आबा, ही काळी वाळू मुख्यत्वे सह्याद्रीच्या काळ्या दगडातून आली. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरला, त्याचा हा दगड. तोच दगड पूर्वेकडे झिजून आपली काळी माती झाला. इकडे नद्यांनी तो फोडून समुद्रात नेला आणि लाटांनी सुपात पाखडावा तसा पाखडला. हलकं वाहून गेलं, जड दाणे काठाला राहिले. आपलं रान आणि हा किनारा एका घरातले आहेत.

कागदाची एक पुडी भरून आणते आहे.

तुमची नात


मालवण,
कोजागरी

ती. आबांना नमस्कार.

आज पौर्णिमा, उधाण. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, आणि संध्याकाळी पाचनंतर खडक उघडे पडले. इथला समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, जेमतेम एकोणतीस चौरस किलोमीटरचं. पोवळी, शेवाळं, खडकांच्या बोळांत अडकलेले बोटभर मासे, सगळं गुडघाभर पाण्यात. पाय कुठे ठेवायचा हे आधी शिकवलं गेलं.

सकाळी रापण ओढताना पाहिली. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरची माणसं ओढतात. आम्हीही दोराला हात लावला, तळहात सोलून निघाले. पावसाळ्यानंतरच्या या दिवसांत कधी पाण्याला कुजका वास सुटतो आणि मासा काठाकडे येतो, असं एका काकांनी सांगितलं. मॅडमनी ते लगेच वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाल्या, गोव्यात गेल्यावर याचं उत्तर बघू.

तुमच्या प्रश्नाचं मात्र अर्धं उत्तर मिळालं. वारा दक्षिण गोलार्धातून निघतो, आफ्रिकेच्या काठाजवळून विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाजवळ जोर धरतो आणि या अख्ख्या अरबी समुद्रावरून वाफ गोळा करत येतो. घाटाला धडकतो आणि बहुतेक सगळं तिथेच देऊन टाकतो. आपल्यापर्यंत पोचतं ते उरलंसुरलं. बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार झाला की त्याचाही पाऊस आपल्याला मिळतो. शिवाय आपली मांजरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी पूर्वेला जाते. या समुद्रातून उठलेलं पाणी आपल्या रानात पडलं, तर वाहून त्या समुद्रात जातं. मी हे सांगितलं तेव्हा रत्नागिरीची मैत्रीण बघतच राहिली.

तुमची नात


दोनापावल, गोवा,
आश्विन वद्य चतुर्थी

ती. आबांना शि. सा. नमस्कार.

हे पत्र लांबणार आहे. चष्मा घेऊन बसा.

आम्ही उतरलो आहोत तिथून जवळच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. साठीच्या दशकात अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराची मोहीम केली. तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ ला ही संस्था उभी राहिली. इथली माणसं कांदोळीसमोरच्या समुद्रात एका ठरावीक जागी १९९७ पासून पुन्हापुन्हा जात आली आहेत. जागा तीच, पाणी तेच. काल आमची मच्छीमार बोट त्याच बाजूला गेली.

मांडवी नदीचं तोंड ओलांडलं आणि मला उलट्या सुरू झाल्या. तासाभरानं थांबल्या. तांडेलांनी इंजिन बंद केलं, दोर सोडून पाहिला आणि म्हणाले, "पंधरा वाव." वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होतं तेवढं अंतर. तुमचे परस आणि त्यांचे वाव, मापायला माणसाचंच शरीर.

दोन्ही टोकं उघडी असलेली नळीसारखी बाटली तारेवरून तळापर्यंत सोडली. मग तारेवरून पितळी वजन घसरत सोडलं. ते खाली आपटलं की बाटलीची झाकणं मिटतात आणि तिथलंच पाणी वर येतं. तारेला हात लावून होते, तो ठोका बोटांना कळला. एक बाटली वरच्या पाण्याची, एक तळाची. वरचं २९ अंशांच्या आसपास होतं, तळाचं पाच-सहा अंशांनी गार. बाटलीला बाहेरून दव धरलं, आणि पाणी काढताना कुजक्या अंड्यासारखा वास आला. मालवणच्या काकांनी सांगितलेला तोच.

मग विंकलरची परीक्षा. १८८८ मध्ये हंगेरीच्या एका रसायनशास्त्रज्ञानं शोधली आणि अजून चालते. काचेच्या लहान बाटलीत पाणी असं भरायचं की एकही बुडबुडा राहू नये. त्यात पिपेटनं मँगनीजचा द्राव, मग अल्कली आणि आयोडाइडचा. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो. नसेल तर पांढराच राहतो.

वरच्या पाण्याची बाटली बघताबघता गुळासारखी तपकिरी झाली. तळाच्या बाटलीत सायीसारखा पांढरा साका हळूहळू खाली बसला आणि तसाच राहिला. मी ती उन्हात धरली, पुन्हा हलवली, पुन्हा वाट पाहिली. पांढराच.

पावसाळ्यात या किनाऱ्यालगत खोलवरचं गार पाणी तळातळानं वर चढत येतं. त्यात प्राणवायू आधीच थोडा असतो. तेव्हाच नद्या पावसाचं गोडं पाणी आणून टाकतात. ते हलकं म्हणून वर तरंगतं आणि खालच्या पाण्यावर झाकण बसतं. वर सूक्ष्म वनस्पती भरपूर वाढतात, मरतात, खाली जाऊन कुजतात. कुजण्यात उरलासुरला प्राणवायू संपतो आणि झाकणामुळे नवा उतरत नाही. हे मुळात नैसर्गिक आहे. पण डॉ. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये दाखवलं की ही स्थिती तीव्र होत चालली आहे. जमिनीवरून वाहून येणारं खतांचं नत्र हे त्याचं कारण असावं, असा त्यांचा अंदाज होता. एक जागा धरून वर्षानुवर्षं मापलं म्हणूनच आज बदल ओळखता येतो. मला याच कामात राहायचं आहे, आबा. बाबांना मी समोर बसून सांगेन, तोवर तुमच्यापाशी ठेवा.

तळाच्या नमुन्याची नोंद करायला मॅडमनी वही माझ्याकडे दिली. प्राणवायू नव्हताच, म्हणून मी रकान्यात काही न लिहिता पुढे सरकले. त्यांनी हात धरला. म्हणाल्या, "रिकामा रकाना म्हणजे मापलं नाही. मापलं आणि नव्हतं, तर शून्य लिही." मी शून्य लिहिलं.

बोट परत येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे तुमची वही होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. मी शाळेत होते, घागर घेऊन रांगेत उभी राहिलेली मला आठवते. त्याच्या आधीच आपली विहीर आटली होती. दोर सोडला तर पोहरा खडकावर वाजला. त्या दिवशी तुम्ही वही कोनाड्यात ठेवलीत ती पुन्हा काढली नाहीत. विचारलं तर म्हणालात, "पाणीच नाही, तर काय लिहू?"

आबा, ती वही काढा. पोहरा वाजला त्या अमावास्येपुढे शून्य लिहा, तुमच्या हातानं. त्यानंतर मापलं नाही, ती पानं रिकामी सोडा. येत्या अमावास्येला लक्ष्मीपूजन आहे, त्या दिवशी सकाळी आपण दोघं दोर सोडू. मी धनत्रयोदशीला पोचते. तोवर दोराच्या गाठी तपासून ठेवा.

तुमची नात