माझा चेहरा व माझी प्रार्थना



या अंकाकरितां व्याकरणावर कांहीं लिहावें, असें संपादक-मंडळानें मला सुचविलें होतें. हा लेखहि एका अर्थीं वर्णमालेविषयींच आहे. परंतु खरें सांगावयाचें तर तो माझ्या चेहऱ्याविषयीं आहे. तो पाहून तुमच्यापैकीं पुष्कळांना विचारावेंसें वाटलें असेल. तरी तुम्हीं विचारलें नाहीं. तें तुमचें सौजन्य. पण न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देण्याची आतां माझी तयारी झाली आहे.

२०२३ सालच्या पावसाळ्यांत माझ्या डाव्या कानापुढें एक गांठ हाताला लागली. तेथें लाळ उत्पन्न करणारी एक मोठी ग्रंथि असते. या ग्रंथींतील बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात, असें डॉक्टरांनीं पहिल्याच भेटींत सांगितलें, आणि माझीहि तशीच निघाली. तरी ती काढणें भाग होतें. अडचण अशी कीं, चेहऱ्याचे स्नायु हालविणारा मज्जातंतु नेमका याच ग्रंथींतून जातो व तेथेंच त्याच्या पांच मुख्य शाखा फुटतात. त्या कपाळाकडे, डोळ्याकडे, गालाकडे, खालच्या ओठाकडे व मानेकडे पसरतात. कांटेरी कुंपणांत अडकलेलें लुगडें न फाडतां सोडवावें, तशी ही शस्त्रक्रिया करावी लागते. ती कुशलतेनें झाली. तंतु तुटला नाहीं. मात्र ताणला गेला.

तिसऱ्या दिवशीं मीं आरसा मागितला. उजवा ओठ हसला, डावा जागचा हालला नाहीं. डावा डोळा मिटेना. दिवसा त्यांत औषधाचे थेंब घालावे लागत व रात्रीं पापणीवर चिकटपट्टी लावून निजावें लागे. चहा ओठांच्या कोपऱ्यांतून हनुवटीवर ओघळे, आणि तो मला कळतहि नसे. आई पदर पुढें करी व खिडकीबाहेर पाही.

पण याहून एक वेगळेंच दुःख माझ्या वाट्यास आलें. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण आहेत, हें मीं पाचवीच्या वर्गाला किती वर्षें शिकविलें असेल! दोन्ही ओठ पूर्ण मिटल्यावांचून त्यांचा उच्चार होत नाहीं. माझे ओठ डावीकडे मिटत नसत. तेथून वारा सुटे आणि प चा फ होई. आतां पाहा, 'प्रभु' या शब्दांत ओष्ठ्य वर्ण दोन. 'पिता', 'पवित्र', 'क्षमा', 'कृपा' यांतहि तेच. ज्या शब्दांनीं मी लहानपणापासून प्रार्थना करीत आलें, ते सारे जणूं ओठांवरच राहत होते. पहिल्या संध्याकाळीं आईबरोबर प्रार्थनेस बसलें, आपलाच आवाज ऐकला, व मध्येंच थांबलें. त्यानंतर आई एकटी प्रार्थना करी.

मीं मनांतल्या मनांतहि प्रार्थना करीनाशी झालें, याचें कारण मात्र ओठ नव्हे. मला लाज वाटत होती. शेजारच्या खाटेवरील बाईंचा जबडा कर्करोगामुळें काढावा लागला होता. माझा जीव सुखरूप, आणि मी देवाजवळ काय मागावें, तर हसूं! भेटीस येणारीं माणसेंहि हेंच सांगत. "जीव वांचला, हें काय थोडें?" असें एक म्हणे, देव अंतःकरण पाहतो, असें दुसरें म्हणे. तें सत्यच आहे. पण सांगणाऱ्याची दृष्टि त्या वेळीं माझ्या ओठांवर खिळलेली असे, हेंहि सत्य आहे.

एक दिवस आमचे वृद्ध पाळकसाहेब आले. मीं त्यांना मान खालीं घालून सांगितलें, "असल्या क्षुल्लक गोष्टीकरितां देवाला काय त्रास द्यावयाचा?"

ते म्हणाले, "बाई, देवापुढें काय न्यावें व काय न न्यावें, याची यादी तुम्हांला कोणीं दिली? दीडशें स्तोत्रांपैकीं सुमारें एक-तृतीयांश स्तोत्रें म्हणजे गाऱ्हाणींच आहेत. ८८ वें वाचा. तें शेवटींहि अंधारांतच आहे. तरी तें पवित्र शास्त्रांत ठेवलेलें आहे. पौलानें शरीरांतला कांटा निघावा म्हणून तीन वेळां विनविलें. कांटा निघाला नाहीं. पण त्यानें विनविलें कीं नाहीं?"

मला एवढेंच पाहिजे होतें. त्या रात्रीं पापणीला पट्टी लावण्यापूर्वीं मी आरशापुढें उभी राहिलें व मोठ्यानें बोललें. उच्चार जसे येतील तसे येऊं दिले. हा चेहरा मला आवडत नाहीं. वर्गांत जाण्याची मला भीति वाटते. तूं हें होऊं दिलेंस याचा मला राग आला आहे. माझें हसूं मला परत दे. अशी ती प्रार्थना होती. तींत उपकारस्तुतीचा एकहि शब्द नव्हता. चेहऱ्यांत कांहीं फरक पडला नाहीं. मात्र कित्येक दिवसांनीं मला झोंप लागली.

विश्रांतीच्या दिवसांत डॉ. मेरी वर्गीज यांच्याविषयीं वाचलें. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत त्या तरुण डॉक्टर असतां १९५४ सालीं मोटार-अपघातांत त्यांचे दोन्ही पाय कायमचे गेले व गालावर मोठा व्रण राहिला. पुढें चाकांच्या खुर्चींत बसून त्यांनीं कुष्ठरोग्यांच्या वांकड्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या. १९७२ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. हें सर्व थोरच. पण मला राहून राहून वाटे, पद्मश्रीच्या आधीं, त्या अगदीं पहिल्या महिन्यांत, या बाई आरशापुढें देवाला काय म्हणाल्या असतील?

सुमारें सहा आठवड्यांनीं डोळा मिटूं लागला. दुखावलेला मज्जातंतु पुन्हां वाढतो तो दिवसाला अवघा एक मिलिमीटर, म्हणून धीर धरावा, असें डॉक्टर सांगत. नोव्हेंबरांत मी शाळेंत आलें. प्रातःप्रार्थनेची पाळी माझी होती. पहिलाच शब्द 'प्रभु'. मागच्या रांगेंत कोणीतरी हसलें. मी पुढें म्हणत राहिलें, एवढेंच. फार शौर्यानें नव्हे, पाय कांपत होते.

मधल्या सुटींत पाचवींतील एक मुलगी जवळ आली.

"बाई, दुखतं का?"

"नाहीं, बाळ."

"मग तुम्ही हसत कां नाहीं?"

मला उत्तर सुचलें नाहीं. तीन महिने मी तोंडावर हात धरून बोलत होतें. वांकडें हसूं कोणास दिसूं नये म्हणून हसण्याचेंच टाकलें होतें, आणि देवाजवळ मात्र रोज हसूंच मागत होतें! त्या रात्रीं प्रार्थनेंत हें त्यालाहि सांगितलें, व सांगतां सांगतां मला हसूं आलें. तें वांकडेंच होतें.

माझा खालचा ओठ अजून डावीकडे मागें राहतो. राहिलेलें आतां असेंच राहील, असें डॉक्टर म्हणतात. तो सरळ व्हावा असें मी अजूनहि कधीं कधीं मागतें, आणि आतां त्याची लाज वाटत नाहीं.

या अंकांत शिक्षकवर्गाचें छायाचित्र आहे. गेल्या दोन अंकांतील छायाचित्रांत मी नाहीं. दोन्ही वेळां मीं निमित्तें काढलीं होतीं. यंदा छायाचित्रकारानें मला दोनदां सुचविलें कीं, बाई, मान जराशी डावीकडे वळवा. त्याचा हेतु चांगलाच होता. मीं समोर पाहिलें. पहिल्या रांगेंत, उजवीकडून तिसरी.