पॅकेट स्विचला अनावृत पत्र

प्रिय पॅकेट स्विच,

तुझं कौतुक होतं ते वेगासाठी. सेकंदाला इतके टेराबिट, एवढंच माहितीपत्रकावर ठळक छापतात. मला तू आवडतोस तो मात्र रांग कशी सांभाळतोस त्यासाठी.

दोन पॅकेटं एकाच वेळी एकाच पोर्टातून बाहेर पडायला आली, की एकाला थांबावंच लागतं. पण थांबायचं कुठे? बाहेर पडण्याच्या तोंडाशी रांग लावली, तर ३२ पोर्टांच्या स्विचमध्ये तिथल्या मेमरीला वाईट घटकेला ३२ पट वेगानं लिहावं लागतं. ते परवडत नाही, म्हणून रांग आत शिरण्याच्या बाजूला आली. तिथे वेगळंच दुखणं उभं राहिलं. सिग्नलला उजवीकडे वळणारी गाडी पुढे अडली, की मागच्या सरळ जाणाऱ्याही खोळंबतात, तसं. करोल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८७ साली याचं गणित मांडलं: पोर्ट पुष्कळ असतील आणि रहदारी सगळीकडे सारखी विखुरलेली असेल, तर क्षमतेच्या फक्त ५८.६ टक्के काम होतं.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक आगमन-पोर्टापाशी प्रत्येक निर्गम-पोर्टासाठी वेगळी रांग ठेवणं. पण मग दर खेपेला कुणाची जोडी कुणाशी लावायची, हे ठरवावं लागतं. ६४ बाइटचा तुकडा १० गिगाबिटच्या फायबरवर ५१.२ नॅनोसेकंदांत सरतो. तेवढ्यात सर्वोत्तम जोड्या शोधणं जमत नाही.

इथे निक मॅककिओन यांच्या आय-स्लिप या जोड्या लावण्याच्या पद्धतीनं जे केलं, ते मला फार सुंदर वाटतं. आगमन-पोर्ट मागणी करतात, निर्गम-पोर्ट त्यातल्या एकाला होकार देतात, आणि ज्याला अनेक होकार आले तो एक स्वीकारतो. होकार देताना पाळी कुणाची, हे एक फिरता काटा सांगतो. आणि एका खेपेत अशा फेऱ्या कितीही झाल्या, तरी पहिल्या फेरीत दिलेला होकार स्वीकारला गेला, तरच तो काटा पुढे सरकतो. अट एवढीशीच. पण तिच्यामुळे सगळे काटे आपोआप एकमेकांपासून पांगतात, आणि सारख्या विखुरलेल्या रहदारीत स्विच पूर्ण क्षमतेनं चालतो. शिवाय कुठलीही रांग कायमची उपाशी राहत नाही.

म्हणून तुझ्या रचनाकारांना माझी आग्रहाची विनंती आहे: टेराबिटच्या आकड्याखाली हेही छापा, की रहदारी एकाच पोर्टावर तुटून पडली, तर सर्वांत छोट्या रांगेतल्या पॅकेटाला जास्तीत जास्त किती थांबावं लागेल.

तुझा,
एक अभियंता